एक बाबा काढून टाका

मी फक्त पासवर्ड बदलला. घराला आग लावली नाही, कुणाच्या ताटात विष कालवलं नाही. हॉलमधल्या कॉम्प्युटरचा जुना पासवर्ड काढून नवा घातला, बस. पण बायको अजूनही त्या प्रकाराचा उल्लेख ‘तुम्ही ते जे केलंत’ असाच करते, आणि तेही खालच्या आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

मूळ दोष आमच्या ऑफिसचा. मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. लोक नुकसानभरपाई मागतात आणि ती त्यांना का मिळणार नाही हे मी नम्र भाषेत कळवतो. तिथे एक सुरक्षातज्ज्ञ व्याख्यान द्यायला आले होते. त्यांनी विचारलं, घरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड ज्यांनी कित्येक वर्षांत बदललेला नाही त्यांनी हात वर करा. मी केला. अख्ख्या सभागृहात एकट्याने केला. बाकीच्यांनी गप्प बसून वेळ मारून नेली हे मला नंतर चहाच्या वेळी कळलं, पण तोवर तज्ज्ञांनी माझ्याकडे बोट दाखवून ‘असे लोक आहेत म्हणून चोरांची घरं चालतात’ असं म्हटलं होतं आणि मागच्या रांगेतली टायपिस्ट हसली होती. ती एरवी कशालाच हसत नाही. घरी आलो आणि बूट काढायच्या आत पासवर्ड बदलून टाकला. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे आणि वर एक उद्गारचिन्ह. बायकोला म्हटलं, आता येऊ दे कुणाला यायचं ते. दिवे लागेपर्यंत कळलं की आता कुणालाच येता येत नाही.

इथे जरा घरची व्यवस्था सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. हॉलमधला कॉम्प्युटर माझा. मागच्या खोलीतला जुना, तो माझ्या वडिलांचा. दोघांच्या मधून भिंतीच्या कडेकडेने एक वायर जाते, तिला मुलगी ‘नेटवर्क’ म्हणते आणि बायको ‘ती वायर’ म्हणते, कारण केर काढताना ती झाडूत अडकते. मुलीने नोकरीसाठी परगावी जाण्याआधी हे सगळं जोडून दिलं. कारण एकच. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर ‘आजी’ नावाचं एक फोल्डर आहे आणि त्यात माझ्या आईचा आवाज आहे.

मुलीला लहानपणापासून आजीचं बोलणं रेकॉर्ड करायची खोड. आईला वाटायचं पोरगी मोबाइलवर खेळतेय. त्यामुळे त्यात काही थोर विचार वगैरे नाहीत. गच्चीवर वाळत घातलेली चादर कुणी नेली, लग्नात कोणाची आत्या कशावरून रुसली, डॉक्टर कसे तोंडाकडे न बघता गोळ्या लिहितात, असलं सगळं. आई जाऊन बरेच दिवस झाले. बाबांचं विसरणं त्याआधीच सुरू झालं होतं, पण आई होती तोवर ते झाकलेलं होतं. ती गेली आणि सगळं उघड्यावर आलं.

आता रोज दिवेलागणीला बाबा कपाटातून त्यांची कापडी पिशवी काढतात, तिच्यात एक टॉवेल, चष्म्याचं रिकामं घर आणि जो हाताला लागेल तो कपडा भरतात, आणि दाराशी येऊन म्हणतात, “चला, निघतो मी. घरी वाट बघत असतील.” स्वतःच्या घरातून असं कुणी निघालं की त्याला काय उत्तर द्यावं हे मला कुठल्याही नियमावलीत सापडलेलं नाही. समजावलं की चिडतात. अडवलं की थरथरतात. जेवत तर नाहीतच. त्यावर उपाय एकच होता. त्यांना त्यांच्याच खोलीत खुर्चीवर बसवायचं, कारण हॉलमधून दार दिसलं की ते पुन्हा निघतात, आणि पडद्यावरचं ‘आजी’ दाबायचं. आई चादरीबद्दल बोलायला लागली की बाबा पिशवी मांडीवर घेऊन ऐकत बसायचे. मध्येच “हं” म्हणायचे. मध्येच “तसं नव्हतं ते” म्हणून तिची चूक काढायचे. मग पिशवी हळूच खाली ठेवायचे आणि जेवायचे. आमचं घर त्या फोल्डरवर चाललं होतं, हे मी स्पष्ट सांगतो.

त्या संध्याकाळी ‘आजी’ दाबलं तर आई बोलली नाही. पडद्यावर एक चौकट आली. नाव सांगा, पासवर्ड सांगा. मी माझं नाव आणि नवाकोरा पासवर्ड घातला. चूक. पुन्हा घातला. चूक. उद्गारचिन्ह जरा जोरात दाबलं. तरी चूक. जुना परत घालायला गेलो तर हॉलमधलं यंत्र म्हणालं, हा वापरून झालाय, चालणार नाही. बाबा पिशवी घेऊन माझ्या मागे उभे होते. म्हणाले, “आत घेत नाहीत का?” म्हटलं, “घेतील हो, बसा.” त्या रात्री ते उपाशी झोपले, आणि मीही, कारण बायकोने माझं पान वाढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, मोबाइलवर घेऊन ऐकवा की सरळ. ऐकवलं. मोबाइलमधून आईचा आवाज येताच बाबांनी तो कानाला लावला आणि म्हणाले, “हॅलो. हां, बोल. कुठे आहेस तू?” आई आपली चादरीचं सांगतेय. “अगं, कुठे आहेस ते सांग आधी. मी येतो घ्यायला.” आई म्हणतेय, निळ्या काठाची होती, मीच वाळत घातली होती. बाबा ओरडायला लागले. “ऐकू येत नाही का तुला? ऐकत का नाहीस माझं?” मी मोबाइल काढून घेतला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो उपाय आम्ही तिथेच बंद केला. कॉम्प्युटरमधून आई बोलली की ते ऐकणारे असतात, मोबाइलवर त्यांना उत्तर हवं असतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

मग पेन ड्राइव्ह. त्यात आवाज भरला, बाबांच्या कॉम्प्युटरला लावला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. परत येईपर्यंत बाबांनी तो उपटून कुठेतरी जपून ठेवला होता. कुठे, ते त्यांनाही ठाऊक नाही. आम्ही गाद्या उलट्यापालट्या केल्या, पिशवी झटकली. कायमची हरवलेली बायकोची एक कात्री सापडली. पेन ड्राइव्ह आजतागायत नाही. बायको म्हणाली दुसरा आणा. मी म्हटलं, घरात नेटवर्क आहे, ते नीट चालवून दाखवतो. हे मी का म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही. बहुधा ती टायपिस्ट आठवली असावी.

एव्हाना बातमी जिन्यातून वर गेली होती. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांना अख्खी इमारत ‘रीस्टार्ट’ म्हणते, कारण पंखा, पंप, लिफ्ट, कुणाची सून, कशाबद्दलही सल्ला विचारा, ‘एकदा बंद करून चालू करा’ हेच उत्तर. ते न बोलावता आले. आमचे दोन्ही कॉम्प्युटर त्यांनी बंद करून चालू केले, मग राउटर, मग मेन स्विच. मेन स्विचने फ्रीज बसला, तो वेगळा विषय. जाताना “मी जरा बघतो” म्हणत त्यांनी बाबांच्या कॉम्प्युटरवर इतक्या वेळा चुकीचा पासवर्ड हाणला की त्या यंत्रानेच हात टेकले आणि सांगितलं, आता जरा थांबा, मग या. रीस्टार्ट म्हणाले, “बघा, निदान काहीतरी वेगळं आलं की नाही?” मी त्यांना चहा पाजला. आपल्याकडे नुकसान करणाऱ्याला चहा पाजावाच लागतो.

मेहुण्याने फोनवर विचारलं, “फॉरमॅट मारलं का?” त्याचं सगळं ज्ञान या एका क्रियापदात संपतं. मी विचारलं, त्याने काय होतं? म्हणाला, “सगळं जातं आणि कोरं करकरीत होतं. भावोजी, एकदा मारून तर बघा.” मी म्हटलं, तुझ्या बहिणीला विचारून सांगतो. बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याच्याशी जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोबाइलवरचा तुकडा सोडला तर आईचा आवाज फक्त त्याच एका ठिकाणी होता, हे त्याला माहीत नसेल, पण मलाही तेव्हाच पहिल्यांदा नीट जाणवलं.

हे सगळं होईपर्यंत बाबा रोज पिशवी भरत होते आणि रोज कमी जेवत होते. एका संध्याकाळी मी कॉम्प्युटरच्या मागे वायर तपासत जमिनीवर आडवा होतो, बायको गच्चीवर होती, आणि दार नुसतं लोटलेलं होतं. उठलो तर खोलीत कुणी नाही. पिशवीही नाही.

तेवढ्या वेळात माझं काय झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही. मी चपलाही न घालता रस्त्यावर होतो एवढं पुरे. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदाराचा फोन आला. “तुमचे वडील इथे बाकावर बसलेत. कुठे जायचंय विचारलं तर बाबांकडे म्हणतात. मी म्हटलं, आजोबा, या वयात कुठले बाबा. तर रागावले.” मी गेलो. बाबांच्या पायात माझ्या चपला होत्या. माझ्याकडे बघून ते हसले आणि निमूटपणे उठले. दुकानदाराने मला बाजूला घेऊन एका संस्थेचा पत्ता दिला. चांगली आहे, म्हणाला, अशा लोकांना सांभाळतात, फाटकाला कुलूप असतं. मी तो कागद खिशात टाकला. रात्री बायकोने शर्ट धुवायला घेताना तो काढला, वाचला, आणि काही न बोलता टेबलावर ठेवला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचं न बोलणं मला कळतं. कागद फाडलाही नव्हता, हेही कळलं.

मुलीला हे सांगायचं तोंड नव्हतं, म्हणून मग मी शरण गेलो. कॉम्प्युटर ज्या कंपनीचे, तिच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक मुलगी आली.

“देखभालीचा करार कुणाच्या नावावर आहे, सर?”

“वडिलांच्या.”

“मग मला त्यांच्याशीच बोलावं लागेल. ओळख पटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.”

हे वाक्य मी ऑफिसात दिवसातून किती वेळा म्हणतो. ते कानावर पडल्यावर कसं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, त्यांना आठवत नाही हो. ती म्हणाली, फक्त नाव आणि जन्मतारीख, सर. मी फोन बाबांच्या कानाला लावला.

“काका, तुमचं पूर्ण नाव सांगता?”

बाबा विचारात पडले. मग म्हणाले, “जेवलीस का तू?”

ती म्हणाली, “नाही अजून.”

“मग आधी जेवून घे. नाव काय, कुठे पळून जातंय.”

मी फोन परत घेतला. ती म्हणाली, “ठीक आहे सर, तुम्हीच बोला.” तिने नियम मोडला होता. मी आजवर कुणासाठी मोडला नव्हता, पण तो विचार करायला तेव्हा वेळ नव्हता.

“मागच्या खोलीतल्या मशीनवर युजर कोण आहे, सर?”

“बाबा.”

“आणि हॉलमधल्या?”

“बाबा.”

“म्हणजे एकच व्यक्ती दोन्हीकडे आहे.”

“नाही, दोन व्यक्ती आहेत. तिकडे माझे बाबा. इकडे मी.”

“इकडे तुम्ही, पण युजर तर बाबा म्हणालात.”

“मीच बाबा.”

“आणि ते?”

“तेही बाबा.”

पलीकडून बराच वेळ नुसती बटणं दाबल्याचा आवाज आला. झालं होतं ते असं. बाबांचा कॉम्प्युटर मी लावून दिला होता, तेव्हा नाव घातलं ‘बाबा’. माझा मुलीने लावून दिला, तिने घातलं ‘बाबा’. ज्याने त्याने आपापल्या बापाचं नाव घातलं होतं. आणि पासवर्ड, एकमेकांना न विचारता, दोन्हीकडे माझ्या आईचं नाव. म्हणून इतके दिवस दार उघडत होतं. बाबांचा कॉम्प्युटर माझ्याकडे येऊन सांगायचा, मी बाबा, आणि आईचं नाव सांगून आत यायचा. माझ्या कॉम्प्युटरला वाटायचं, हे आपलेच बाबा. मी उद्गारचिन्हवाला पासवर्ड घातला आणि तोच बाबा खोटा ठरला.

घरात ही भानगड कधी झाली नव्हती. बायको ‘बाबा’ म्हणून हाक मारायची तेव्हा ते यायचे, मुलगी मारायची तेव्हा मी जायचो. एकदाही चुकीचा बाबा उठला नाही. यंत्राला हाकेतला फरक कुठून कळणार?

“सर, सिस्टिमला दोन बाबा चालत नाहीत,” फोनवरची मुलगी म्हणाली. “एक बाबा काढून टाका.”

मी बाबांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. तिने सांगितलं तसं इथे दाब, तिथे दाब करत गेलो, आणि शेवटी पडद्यावर आलं, ‘बाबा’ यांना काढून टाकल्यास त्यांचं सर्व काही कायमचं पुसलं जाईल. आपली खात्री आहे का? खाली दोनच चौकटी. हो आणि नाही. बाबा मागे पलंगावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, बाहेर काळोख व्हायला लागला होता. टेबलावर तो संस्थेचा कागद तसाच पडला होता. मी आयुष्यात हजारो अर्ज एका बोटाने निकालात काढले असतील. पण हे बोट उचलेना.

“पुसू नका,” बायको दारातून म्हणाली. “त्यांना दुसरं नाव द्या ना. पुसायला कशाला हवं?”

फोनवरची मुलगी म्हणाली, हो, तसंही चालेल, दोन्हीकडे नवीन नाव तयार करा. फक्त आधी कुणाचं नसलेलं हवं. मी विचार करायला लागलो. आजोबा? ती हाक मुलीची. त्यांचं खरं नाव घालणार, तर ते आता त्यांनाच ओळखीचं वाटत नाही. म्हटलं, विचारावं सरळ. मागे वळलो.

“बाबा, तुमचं नाव काय घालू?”

ते माझ्याकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. कपाळावरच्या आठ्या गेल्या, खांदे आखडले, आणि त्यांनी पाय एकमेकांजवळ घेतले, शाळेत बाकावर बसल्यासारखे.

“तुम्हीच तर ठेवलंय,” ते म्हणाले. “ढब्बू.”

माझ्या आजोबांना मी फक्त फोटोत पाहिलंय. ते आपल्या मुलाला काय म्हणायचे हे मला कुणी सांगितलेलं नाही. हा माणूस, ज्याच्या मनगटाची हाडं मोजता येतात, तो कधीकाळी ढब्बू होता.

“बाबा, मी आलो होतो तुमच्याकडे,” ते पुढे म्हणाले. “पण दुकानातल्या माणसाने येऊच दिलं नाही.”

बायको दारातून आत आली नाही. फोनवरची मुलगी म्हणाली, “सर, नाव मिळालं का?” मी म्हटलं, मिळालं. तिला अक्षरं सांगितली. तिने दोनदा विचारलं. दोन्ही कॉम्प्युटरवर ढब्बू तयार झाला. पासवर्ड घातलाच नाही. ‘आजी’ दाबलं आणि एकही प्रश्न न विचारता दार उघडलं.

आई बोलायला लागली. निळ्या काठाची चादर होती, मीच वाळत घातली होती, म्हटलं ऊन आहे तोवर वाळेल. बायकोने पदर तोंडाला लावला. फोनवरची मुलगी अजून तिथेच होती, आणि तिनेही फोन ठेवला नाही.

बाबा ऐकत होते. मान कलती करून, नेहमीसारखे. मी त्यांच्या ‘हं’ची वाट बघत होतो. ‘तसं नव्हतं ते’ची वाट बघत होतो. ते आलं नाही. थोड्या वेळाने ते माझ्याकडे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाबा, ही बाई कोण?”

मी म्हटलं, “आपल्या घरातलीच आहे.”

“छान बोलते.” जरा ऐकून पुन्हा म्हणाले, “उद्या येईल का?”

“येईल.”

“नक्की?”

“नक्की येईल. चल, तू आता जेवून घे बघू.”

जन्मात पहिल्यांदा मी माझ्या वडिलांना अरे-तुरे केलं, आणि ते पिशवी खाली ठेवून लगेच हात धुवायला गेले.